यमूचा स्वभाव कसा घडला?

कादंबरीतील पात्र कसें घडतें, या प्रश्नाचें उत्तर शोधावयास पुणेकरांना फार दूर जावें लागत नाहीं. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं याच शहरांत 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलें आणि त्यांतूनच 'पण लक्षांत कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली.

तत्पूर्वींची रीत निराळी होती. रिसबुडांच्या १८६८ सालच्या 'मंजुघोषे'सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत नायिकेचें रूप व शील विशेषणांनींच सांगून टाकलेलें असे. संकटें येत व जात. ती मात्र होती तशीच राही. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'त विधवांचें खरें दुःख आलें. परंतु यमुनेला प्रवासांत भेटणाऱ्या त्या स्त्रिया बहुतांशीं दाखले म्हणूनच पुढें येतात.

हरिभाऊंनीं यमूला स्वतःचीच हकीकत सांगावयास लावलें. आरंभीं तिला वडिलांचा धाक कळतो, त्याचें कारण कळत नाहीं. पुढें सासर येतें. पति रघुनाथराव तिला लिहावयास-वाचावयास शिकवितो, मुंबईस संसार होतो, आणि पूर्वीं जें मुकाट्यानें सोसलें त्याचा अर्थ तिला उमगूं लागतो. स्वभावाची वाढ म्हणजे ही समजुतीची वाढ. म्हणूनच पतिनिधनानंतर तिचें बळजबरीनें केशवपन होतें, तेव्हां वाचकाला केवळ एका विधवेची दया येत नाहीं. जिचें मन उमलतांना आपण पाहिलें, तिचाच हा उच्छेद आहे, असें वाटून तो अस्वस्थ होतो.

हीच कला सर्वत्र साधली आहे, असें मात्र नव्हे. शंकरमामंजी आरंभापासून अखेरपर्यंत दुष्टच राहतात; त्यांच्या मनांत लेखक शिरतच नाहीं. जुन्या रीतीचा अवशेष तो तेथें राहिला आहे.

त्याच काळांत, १८९१ सालीं, संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षें करणारा कायदा झाला आणि त्यावरून पुण्यांत मोठें रण माजलें. सभांतून व वृत्तपत्रांतून वाद चालला तो शास्त्राचा आणि सरकारच्या अधिकाराचा. ज्या मुलींविषयीं तो चालला होता, त्यांचें म्हणणें त्यांत क्वचितच ऐकूं येई. यमू मात्र बोलत होती. कादंबरीच्या नांवांतील प्रश्न तिचा आहे. तो ऐकावयास लावणें हेंच पात्रनिर्मितीचें खरें सार्थक होय.