उंची कोठून, खोली कोठून?

पालघर : पावसाळ्यात उधाणाचे दिवस जवळ आले की ‘समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ अशा बातम्या प्रसिद्ध होतात आणि सातपाटीसारख्या किनारी गावांत काळजी पसरते. वस्तुतः हा आकडा लाटेचा नसतोच. तो भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो आणि सागरी नकाशांसाठी ठरवलेल्या शून्य पातळीपासून मोजलेला असतो. ही शून्य पातळी मोठ्या ओहोटीच्या पाण्याच्या आसपास धरतात. मुंबईत ती सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे २.५ मीटर खाली आहे. म्हणजे तेथील ४.५ मीटरची भरती सरासरी समुद्रसपाटीहून केवळ २ मीटर वर असते. वाऱ्याने उठणारी लाट त्यावर निराळी. ही चूक आम्हा वार्ताहरांची आहे.

जमिनीवरील उंचीचा शून्य वेगळा. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकांवर दिसणारी उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची असते. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ मध्ये मुंबई, कारवार, मद्रास आदी नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींच्या आधारे ही सपाटी निश्चित केली. जीपीएसचा शून्य तिसराच. तो पृथ्वीच्या गणिती आकारावर बेतलेला असतो. आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटी त्या आकाराच्या ६० मीटरहून अधिक खाली असल्याने, दुरुस्ती न केलेले यंत्र तारापूरच्या वाळूवरही उणे आकडा दाखवते.

हा घोळ टाळण्यासाठी हवामान व सागरी माहितीच्या देवाणघेवाणीत जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘सीएफ’ संकेतांनी शब्दांची वाटणी केली आहे. ‘हाइट’ म्हणजे पृष्ठभागापासून वर, ‘आल्टिट्यूड’ म्हणजे समुद्रसपाटीपासून वर आणि ‘डेप्थ’ म्हणजे पृष्ठभागाच्या खाली. आकडे वर वाढतात की खाली, हेही नोंदवावे लागते. मराठीत मात्र पहिल्या दोहोंना ‘उंची’ हा एकच शब्द रूढ असल्याने ‘जमिनीपासून’ की ‘समुद्रसपाटीपासून’ हे लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. धुराड्याची उंची जमिनीपासून सांगतात, वेधशाळेचा वारा जमिनीपासून १० मीटरवर मोजतात.

बोईसर-तारापूर परिसरात हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही. येथील औद्योगिक प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. दूषित भूजल कोणत्या दिशेने सरकते, हे विहिरींच्या पातळीवरून ठरते आणि ती पातळी सहसा ‘जमिनीखाली इतके मीटर’ अशी नोंदवतात. समजा, एका विहिरीत पाणी ५ मीटर खोल आहे, दुसरीत ३ मीटर. पाणी दुसरीकडून पहिलीकडे वाहत असेल, असे वाटेल. परंतु पहिलीची जमीन समुद्रसपाटीपासून १२ मीटरवर आणि दुसरीची ८ मीटरवर असेल, तर पाण्याच्या पातळ्या अनुक्रमे ७ व ५ मीटर ठरतात. प्रवाहाचा कल नेमका उलटा निघतो! त्यातच मोजणारा फीत कठड्यावरून सोडतो. कठड्याची उंची वजा करावयाची राहिली तर मीटरभराची चूक सहज होते.

समुद्रातील खोलीचेही तसेच. नकाशावरील आकडा ओहोटीच्या शून्यापासून खाली मोजलेला, तर नाखवा दोर सोडून सांगतो ते वाव त्या घटकेच्या पाण्यापासून. भरतीच्या वेळी त्याचा आकडा नकाशापेक्षा मोठा येतो, आणि दोघेही बरोबर असतात.