लायका : फिल्म की पडदा?

ओस्कार बारनाक याने चलच्चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर स्थिर छायाचित्रे घेणारा पहिला कॅमेरा बनविला, असे विधान वारंवार केले जाते. ते टिकणारे नाही. अशी फिल्म वापरणारे कॅमेरे १९२५ पूर्वीच विक्रीस आले होते. मग लायकाचे वेगळेपण कशात मानावयाचे? आमच्या मते त्याचे उत्तर फिल्मपेक्षा पडद्यात शोधावयास हवे.

बारनाक १९११ साली वेट्झलार येथील लाइट्स यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात आला. दम्याच्या विकारामुळे काचपट्ट्यांचा अवजड सरंजाम वाहून नेणे त्यास कष्टाचे होई. १९१४ च्या सुमारास त्याने घडविलेल्या नमुन्यात चित्रपटाची १८ × २४ मिलिमीटरची चौकट दुप्पट होऊन २४ × ३६ झाली. पुढे युद्ध आले, आणि काम मागे पडले.

१९२३ साली चाचणीसाठी मोजके कॅमेरे तयार झाले. त्यांत दोन कापडी पडदे आडवे सरकत. मधली फट जितकी अरुंद, तितका प्रकाश अल्पकाळ फिल्मवर पडे. फिल्म पुढे नेणे व पडदा ताणणे ही दोन्ही कामे एकाच चकतीने होत. परंतु पडदा ताणताना फट उघडीच राही, म्हणून प्रत्येक वेळी भिंगावर टोपण घालावे लागे. टोपण घालून काढीपर्यंत समोरचे दृश्य थोडेच थांबणार! १९२५ च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत मांडलेल्या कॅमेऱ्यात पडदे ताणताना एकमेकांवर चढत, फट मिटे, आणि टोपणाची गरज उरली नाही. वेग १/२० पासून १/५०० सेकंदापर्यंत होते. माक्स बेरेक याचे ५० मिलिमीटरचे भिंग नळीसह आत ढकलता येई.

‘लायका’ हे नाव लाइट्स आणि कामेरा या दोन शब्दांच्या आद्य अवयवांनी बनले आहे. भाषाभ्यासकास आणखी एक गोष्ट सुचते: मराठीत आपण फोटो ‘काढतो’, पण क्षण ‘टिपतो’. पहिले क्रियापद चित्रकाराचे, तर दुसरे दाणे वेचणाऱ्या पाखराचे. टोपण गेल्यावर सुकर झाले ते हे दुसरे.

त्यानंतरच्या सुधारणा सर्वपरिचित आहेत : १९३० मध्ये बदलता येणारी भिंगे, १९३२ मध्ये भिंगाशी जोडलेला अंतरमापक, आणि १९५४ च्या ‘एम ३’ मध्ये आटे फिरविण्याऐवजी खटक्याने बसणारे भिंग. कापडी पडदा मात्र टिकला. २०१४ साली निघालेल्या, विजेरीविना चालणाऱ्या ‘एम-ए’ या कॅमेऱ्यातही तो आडवाच सरकतो.