स्वाझी राष्ट्राची घडण आणि भूमीचा प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतील युरोपीय सत्तेच्या विस्ताराचा विचार करताना १८७९ च्या झुलू युद्धासारखे संग्राम प्रथम डोळ्यांपुढे येतात. शेजारच्या स्वाझी राज्याने मात्र ब्रिटिशांशी मोठे युद्ध केले नाही. उलट त्याच वर्षी पेडींविरुद्धच्या मोहिमेत स्वाझी सैनिक ब्रिटिशांच्या बाजूने लढले. तरीही पुढील तीस वर्षांत या राज्याची सुमारे दोन-तृतीयांश भूमी परक्यांच्या हाती गेली. याचे कारण स्वाझी राष्ट्राच्या घडणीपासूनच शोधावे लागते.

स्वाझींचा द्लामिनी राजवंश हा न्गुनी समूहातील असून, परंपरेनुसार त्याचे पूर्वज आजच्या मापुतोजवळील डेलागोआ उपसागराच्या प्रदेशात राहत होते. अठराव्या शतकात न्ग्वाने तिसरा याच्या काळी ते पोंगोला नदीच्या परिसरात स्थिरावले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्द्वांद्वेंचा राजा झ्विदे याच्याशी संघर्ष उद्भवल्यामुळे सोभुझा पहिला उत्तरेकडे सरकला. झ्विदेच्या कन्येशी झालेल्या त्याच्या विवाहातून जन्मलेला म्स्वाती दुसरा १८४० च्या सुमारास वारस ठरला. त्याच्याच नावावरून हे लोक स्वाझी म्हणून ओळखले जाऊ लागले.

हे राष्ट्र एकाच रक्ताचे नव्हते. द्लामिनींबरोबर आलेले 'बेमद्झाबुको', त्यांच्या आधीपासून तेथे राहणारे 'एमाखांद्झाम्बिली' आणि मागाहून आश्रयास आलेले 'एमाफिकामुवा' असे तीन वर्ग परंपरेने मानले जातात. नवागताने राजाशी अथवा त्याच्या सरदाराशी निष्ठा पत्करावी आणि त्याबदल्यात घर व शेतीसाठी जमीन मिळवावी, या प्रथेस 'कुखोन्ता' म्हणतात. भूमी लोकांच्या वतीने राजाच्या हाती असे. तिचा उपभोग देता येई, विक्री नव्हे. परक्याला सामावून घेण्याची ही रीतच राज्याच्या सामर्थ्याचे मूळ होती.

म्बांडझेनीच्या कारकिर्दीत (१८७५-८९) याच रीतीचा निराळा अर्थ लावला गेला. हिवाळ्यात मेंढ्या चारण्यासाठी येणारे बोअर आणि सोन्याच्या शोधात आलेले युरोपीय यांनी राजाकडून चराई, खाणी, जंगल आदींचे मक्ते लिहून घेतले. एकाच जमिनीवर अनेकांचे मक्ते झाले. जकातीसारखी उत्पन्नाची साधनेही गेली. राजाच्या दृष्टीने ही वापराची परवानगी होती, मक्तेदारांच्या दृष्टीने तो कायदेशीर हक्क होता. १८८१ व १८८४ च्या करारांनी राज्याचे स्वातंत्र्य मान्य केले होते, परंतु १८९४ च्या करारान्वये स्वाझींच्या संमतीवाचून ते ट्रान्सवालच्या प्रशासनाखाली दिले गेले. अँग्लो-बोअर युद्धानंतर ते ब्रिटिशांकडे आले. १९०७ च्या फाळणी घोषणेने मक्त्यांच्या जमिनीतून सुमारे एक-तृतीयांश भाग स्वाझींसाठी वेगळा काढला आणि उरलेली भूमी मक्तेदारांची ठरविली. त्या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक आपल्याच गावात कुळे बनले.

राजमाता लाबोत्सिबेनी ही १८९९ ते १९२१ या काळात नातवाच्या वतीने राज्यकारभार पाहत होती. तिने जमीन परत विकत घेण्यासाठी लोकांकडून निधी उभारला. ट्रान्सवालच्या खाणींत मिळविलेली मजुरी त्यात येऊ लागली. गमावलेल्या भूमीसाठी गमावणाऱ्यांनीच किंमत मोजावी, ही त्यातील विटंबना होय. १९२१ मध्ये राज्यावर आलेल्या सोभुझा दुसऱ्याने इंग्लंडला शिष्टमंडळ नेले आणि न्यायालयातही दाद मागितली. १९२६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दावा फेटाळला. ब्रिटिश राजसत्तेच्या अशा कृतीची वैधता न्यायालयात आव्हानित करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. हिंदुस्थानातील दाव्यांचेही अंतिम न्यायपीठ तेव्हा हेच होते. १९४१ मध्ये सोभुझाने ब्रिटिश राजाकडे अर्ज केला. त्यानंतर जमीन परत मिळविण्याच्या कार्यास गती आली आणि ६ सप्टेंबर १९६८ रोजी स्वातंत्र्य मिळेपर्यंत निम्म्याहून अधिक भूमी स्वाझींकडे आली होती.

ही भूमी राष्ट्राच्या वतीने राजाकडेच राहिली. त्यामुळे राजपदाची प्रतिष्ठा वाढली, तसेच त्याची सत्ताही. १९७३ मध्ये सोभुझाने संविधान रद्द केले, तेव्हा ही सत्ता उघड झाली. २०१८ मध्ये देशाने 'एस्वातिनी' हे नाव स्वीकारले. त्याचा अर्थ स्वाझींची भूमी असा आहे. ज्या राष्ट्राने परक्यांना जमीन देऊन स्वतःस घडविले, त्याच्याच भूमीवर कागदाच्या आधारे हक्क सांगितला गेला, हे या नावामागील इतिहासाचे सार म्हणता येईल.