काळ्या खिडकीतलं पोलादपूर

डॉसच्या पडद्यावर मराठी आणायला पूर्वी संगणकात 'जिस्ट' कार्ड बसवावं लागे. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं हे तंत्र पुण्याच्या सीडॅकने पुढे वाढवलं. इस्की अक्षरसंहिता १९९१ मध्ये भारतीय मानक झाली.

मग विंडोज आलं, तरी कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी राहिलीच. बॅच फाइलमधल्या 'कलर'ने तिचा रंग बदलतो, 'मोड'ने आकार, 'टायटल'ने मथळा. 'सीएचसीपी ६५००१' म्हटलं की युनिकोडही चालतं. पण फॉन्ट बदलायला असा साधा हुकूम दिलेलाच नाही! (रंग हवेत कुणाला?) मग जुन्या खिडकीत अक्षरांऐवजी चौकोन उमटतात. महाडचे चार, पोलादपूरचे आठ. आमच्या काना-मात्रेलाही तिथे स्वतंत्र चौकोन मिळतो.