सौरपंपाच्या पेटीमागची पाती

केज, धारूर किंवा गेवराईच्या शिवारात सौरपंप बसलेल्या कुठल्याही रानात जा. पॅनलच्या सांगाड्याला, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक राखाडी पेटी लावलेली असते. पुढे छोटा पडदा, चालू-बंदचे बटण, खालून आत शिरलेल्या केबली. शेतकरी तिला कंट्रोलर म्हणतात, बसवायला आलेली पोरे ड्राइव्ह म्हणतात. पुढून पाहण्यासारखे तिच्यात फारसे नाही. मागून पाहावे. मागे ॲल्युमिनियमची उभी पाती ओळीने उभी असतात, दोन पात्यांत बोट जेमतेम शिरेल एवढी फट. वैशाखात दुपारी पंप भर जोरात असताना त्या पात्यांवर हात टेकवत नाही. फटींमध्ये बहुधा गवताची कुसळे, कोळ्याची जाळी, कुंभारमाशीने बांधलेले मातीचे घर आणि वाऱ्यासोबत आलेला फुफाटा भरलेला असतो.

पेटीतले सगळे यंत्र या पात्यांच्या जिवावर चालते. पॅनलमधून येणारी वीज एकदिश, मोटार मात्र तीन फेजची. मधले रूपांतर आयजीबीटी नावाचे सिलिकॉनचे स्विच करतात. सेकंदाला काही हजार वेळा ते उघडतात आणि मिटतात, आणि दर वेळी थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३,७०० वॅट. त्यातले तीन-चार टक्के गेले तरी ११० ते १५० वॅट होतात. जुन्या काळच्या शंभराच्या बल्बची सगळी आच नखाएवढ्या काही तुकड्यांतून बाहेर पडते आहे, असे समजा. ती बाहेर नेली नाही तर सिलिकॉन काही सेकंदांत निकामी होते.

या पात्यांचा मागोवा घेताना पहिली गोष्ट लक्षात येते ती पाण्याची. बीड जिल्ह्यात विहिरींवर आधी डिझेल इंजिने आली. त्या इंजिनाला थंड ठेवायला वेगळी सोय लागत नसे. पंपाने उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार इंजिनाच्या कवचातून फिरवून पाटात सोडत. पुढे वीज आली, बोअर आले, आणि मोटार थेट पाण्यात उतरली. पाणबुडी मोटारीच्या अंगावरून वर चढणारे पाणीच तिला थंड करते, म्हणून बोअर आटले की ती जळते. इंजिन आणि मोटार, दोघांनाही विहिरीनेच गार ठेवले. पाणी उपसण्याच्या साखळीत पाण्यावाचून उन्हात उभी राहिली ती ही पेटी. तिला फक्त वारा मिळतो.

वाऱ्यावर थंड होण्याची विद्या अर्धसंवाहकांच्या आधीची आहे. धातूला पाती काढली की हवेला लागणारे अंग वाढते, हे लोकांना अनुभवाने ठाऊक होते. पाते किती लांब आणि किती जाड असावे याचे रीतसर गणित मात्र विमानांनी करायला लावले. हार्पर आणि ब्राऊन या दोघांनी १९२२च्या सुमारास अमेरिकेच्या विमानविद्या समितीसाठी हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या पात्यांची समीकरणे मांडली. पाते मुळाशी गरम असते आणि टोकाकडे निवत जाते, त्यामुळे ठरावीक लांबीच्या पुढे वाढवलेला धातू फुकट जातो, हे त्या समीकरणांतून दिसते. राजदूतच्या सिलिंडरवरची पाती याच हिशेबाची. गावच्या डीपीला दोन्ही बाजूंनी असलेल्या नळ्याही याच कुळातल्या. आतले तेल तापून वर चढते, नळीतून उतरताना निवते आणि पुन्हा खाली येते. कुणी रात्री तेल चोरून नेले की ही फेरी थांबते, डीपी जळते आणि ऐन हंगामात अख्ख्या शिवाराची लाइट जाते. हा घाव मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी पुष्कळ वेळा सोसला आहे.

आता दुसरी शाखा, विजेची दिशा बदलणाऱ्यांची. पीटर कूपर ह्युइटने १९०२मध्ये पाऱ्याचा रेक्टिफायर, म्हणजे उलटसुलट वीज एकदिश करणारा घटक, काढला. काचेचा मोठा फुगा, तळाशी पाऱ्याचे डबके, आणि त्यातून निळसर जांभळा उजेड. पाऱ्याची वाफ वर चढे, काचेच्या घुमटाला लागून निवे आणि थेंब होऊन परत डबक्यात पडे. घुमट एवढा मोठा करावा लागे तो थंडाव्यासाठीच. मोठ्या रेक्टिफायरमध्ये काचेऐवजी पोलाद आले आणि भोवती पाणी फिरू लागले.

सेलेनियमपाशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण आजच्या पात्यांचा खरा पूर्वज तोच. १९३०च्या दशकात बाजारात आलेला सेलेनियम रेक्टिफायर म्हणजे एका दांड्यावर ओवलेल्या चौकोनी पत्र्यांची चवड. पत्र्यावर सेलेनियमचा पातळ थर, आणि दोन पत्र्यांमध्ये हवेसाठी मुद्दाम सोडलेली जागा. एक पत्रा जेमतेम वीस-पंचवीस व्होल्ट सहन करी, म्हणून जास्त व्होल्टला जास्त पत्रे. यात थंड करणारे पाते आणि काम करणारा घटक वेगळे नव्हते. ज्या पत्र्यावर वीज वळे तोच उष्णता हवेत सोडी. रेडिओ, बॅटरीचे चार्जर, सिनेमाच्या प्रोजेक्टरचा पुरवठा, अनेक वर्षे यावर चालले. पत्रा जळला की असा उग्र वास सुटे की दुरुस्ती करणाऱ्याला डबा उघडण्याआधीच बिघाड कळे, आणि तो धूर विषारीही असे. सेलेनियम ऐंशी अंशांच्या आसपास दम टाकी, पण अंग मोठे असल्याने तेवढ्यावर भागत होते.

सिलिकॉन आले आणि हे जुळलेले अंग तुटले. जर्मेनियमलाही साधारण सेलेनियमइतकीच मर्यादा होती. सिलिकॉन मात्र दीडशे अंशांपर्यंत टिकते आणि इवल्याशा तुकड्यातून शेकडो अँपिअर नेते. उष्णता जिथे निर्माण होते ती जागा लहान झाली, म्हणून तिला हवेपर्यंत पोहोचवणारे पाते वेगळे जोडावे लागले. पुढची सगळी कहाणी या जोडाची आहे. प्रत्येक पिढीत तुकडा लहान होत गेला, जोड अवघड होत गेला आणि बिघाडही तिथेच होऊ लागले.

आपल्याकडे हे काम लवकर सुरू झाले. १९५८मध्ये मुंबईत ब्रिटिश वेस्टिंगहाउस ब्रेक अँड सिग्नलच्या सहकार्याने हिंद रेक्टिफायर्स उभी राहिली. रेल्वेची १९५९ची डब्ल्यूएएम-१ इंजिने अजून पाऱ्याच्या इग्निट्रॉनवर धावत होती. १९७०पासून चित्तरंजनला तयार होऊ लागलेल्या डब्ल्यूएएम-४मध्ये सिलिकॉनचे डायोड आले. त्यांच्या प्रत्येक कपाटावर हवा मारायला स्वतंत्र ब्लोअर होता, आणि तो थांबला तर एक रिले इंजिनाचा मुख्य ब्रेकर उघडत असे. वर पंचवीस हजार व्होल्टची तार, मागे दीड हजार टनांची गाडी, पण पंखा बंद म्हणजे गाडी उभी. थंडाव्याला एवढा मान देणारी ही रचना मला फार शहाणपणाची वाटते.

थायरिस्टर नावाचा सिलिकॉनचा स्विच जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९५७मध्ये तयार झाला. मोठा थायरिस्टर चकतीसारखा असतो आणि दोन्ही अंगांनी धातूच्या ठोकळ्यांत टनावारी दाबाने आवळलेला असतो, म्हणजे उष्णतेला दोन्हीकडून वाट मिळते. उच्च दाबाच्या एकदिश वीजवाहिन्यांत त्याला थंड करण्याचे माध्यम कसे बदलत गेले ते पाहण्याजोगे आहे. १९७२ला कॅनडातल्या ईल रिव्हरला हवा होती, त्याच दशकात मोझांबिकच्या काहोरा बासाला तेल आले, आणि पुढे सगळीकडे पाणी. आपली चंद्रपूर–पडघे वाहिनी १९९९ची, ७५२ किलोमीटर लांब, १,५०० मेगावॅटची. तिच्या दोन्ही टोकांना थायरिस्टरच्या अंगाखालून अतिशुद्ध पाणी वाहते. साध्या पाण्यात क्षार असतात आणि त्यातून वीज वाहते, म्हणून ते सतत गाळून क्षारमुक्त ठेवावे लागते. असे पाणी पाच लाख व्होल्टशेजारी निर्धास्त फिरते.

बीड जिल्ह्यात पाण्याचा थंडावा म्हटला की परळीचेच नाव पुढे येते. १९७१मध्ये ३० मेगावॅटच्या संचाने सुरू झालेले औष्णिक केंद्र १९८०पासून २१० मेगावॅटच्या आणि पुढे २५० मेगावॅटच्या संचांनी वाढले. भेलच्या २१० मेगावॅटच्या जनित्रात स्थिर भागातल्या तांब्याच्या पोकळ पट्ट्यांतून पाणी फिरते आणि फिरत्या भागाला हायड्रोजन थंड करतो. बाहेर वाफेचे पुन्हा पाणी करायला आणि शीतमनोऱ्यांना पाणी लागते ते वेगळेच. ते खडका बंधाऱ्यातून आणि माजलगाव धरणातून येई. २०१३च्या फेब्रुवारीत ते संपले आणि केंद्र बंद करावे लागले. २०१५च्या जुलैत पुन्हा तेच झाले. त्या दोन्ही वेळी केंद्र अडले ते थंडाव्यावर. दुष्काळी मुलखात यंत्राला पाण्यावर विसंबून ठेवणे किती महाग पडते, याचा याहून मोठा दाखला महाराष्ट्रात नाही. म्हणून सौरपंपाची पेटी वाऱ्यावर थंड होते ही मला उणीव वाटत नाही. बीडसाठी तीच रीत योग्य आहे, पण ती नीट पाळली पाहिजे.

पेटीतल्या आयजीबीटीचा जन्म १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा. चेन्नईत जन्मलेले, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बी. जयंत बालिगा यांचे नाव त्याच्या कर्त्यांत पहिल्या रांगेत येते. तोवर १९७०च्या दशकात तांब्याचा पत्रा सिरॅमिकच्या पाटीवर थेट चिकटवण्याची युक्ती सापडली होती. सिरॅमिक वीज अडवते आणि उष्णता सोडते, त्यामुळे तुकडे वीज न लागू देता एकाच पाटीवर बसवता आले. पण उष्णतेची वाट सरळ नाही. उष्णता वाहण्याचे मोजमाप तांब्याचे ४००च्या घरात, ॲल्युमिनियमचे २००, साध्या ॲल्युमिना सिरॅमिकचे २५, पाटी आणि पाती यांच्या मधल्या पांढऱ्या पेस्टचे १ ते ३ आणि थांबलेल्या हवेचे ०.०२६. पेस्ट हवेपेक्षा बरी, धातूपेक्षा खूप वाईट. म्हणून ती दोन पृष्ठभागांमधले खाचखळगे भरण्यापुरतीच लावायची. तुकड्यांच्या पाटीचे हे मॉड्युल बदलताना कुणी पेस्ट लोण्यासारखी थापली तर नवे मॉड्युल जुन्याहून लवकर जाते.

पेटी आयपी-६५ दर्जाची, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारी असावी लागते. ते चांगलेच आहे. पण बंद पेटीत बाहेरची हवा फिरत नाही, आणि सगळा भार मागच्या पात्यांवर येतो. एक हिशेब मांडून पाहू. पात्यांचा हवेशी विरोध वॅटमागे पाव अंश आहे आणि १५० वॅट बाहेर जायचे आहेत, असे धरा. पाती भोवतालपेक्षा ३७ अंशांनी वर राहतील. सावलीतला पारा ४३ असेल तर पाती ८० अंशांवर, आणि आतला सिलिकॉनचा तुकडा आणखी वीसेक अंश वर, म्हणजे १००. चालेल. आता फटी फुफाट्याने भरल्या आणि विरोध ०.४ झाला. पाती १०३वर, तुकडा १२३वर जातो. याआधीच पेटी स्वतःला वाचवण्यासाठी मोटारीचा वेग उतरवते किंवा ट्रिप होते. पॅनलवर लख्ख ऊन आहे, विहिरीत पाणी आहे, तरी भर दुपारी धार बारीक का झाली, हे शेतकऱ्याला कळत नाही. तो पॅनल पुसतो, मोटार तपासतो. पात्यांकडे त्याचे लक्ष जात नाही, कारण त्याला कुणी सांगितलेले नसते.

ढगांचाही त्रास आहे. ऊन गेले की तुकडा निवतो, आले की तापतो. सिलिकॉनपेक्षा ॲल्युमिनियम आठ-नऊ पट जास्त प्रसरण पावते आणि तुकड्यावरच्या तारा ॲल्युमिनियमच्या. श्रावणातल्या ऊन-सावलीत दिवसभर ही ओढाताण चालते, आणि काही वर्षांनी तारेचे बूड उखडते. पाती स्वच्छ असली की चढउतार लहान राहतो आणि तारा जास्त टिकतात. सिलिकॉन कार्बाइडचे नवे स्विच कमी तापतात, पण आज रानात उभ्या असलेल्या पेट्या सिलिकॉनच्याच आहेत.

कुसुम योजना २०१९ची, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ २०२४ची. शेतकऱ्याने आपला हिस्सा भरला आहे आणि पाच वर्षांची दुरुस्ती त्याच्या हक्काची आहे. म्हणून महावितरणला आणि पुरवठादारांना विनंती, की प्रत्येक पेटीवर ५० अंशांना ती किती अश्वशक्ती देईल हे मराठीत छापावे, आणि देखभालीच्या यादीत पाती साफ करण्याची ओळ घालावी. आणि ज्यांच्या रानात पेटी आहे त्यांना सांगणे, की ती पॅनलच्या सावलीतच लावून घ्या, पश्चिमेच्या उन्हात नको. पात्यांच्या वर-खाली वीतभर जागा मोकळी ठेवा, पावसापासून वाचवायला म्हणून तिच्याभोवती पोते किंवा ताडपत्री गुंडाळू नका. फाल्गुनात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, सकाळी पंप बंद ठेवून, कोरड्या ब्रशने फटी झाडा. पेटी मात्र उघडू नका. बंद केल्यावरही तिच्या आत काही मिनिटे शेकडो व्होल्ट साठून असतात.