गसीचे वाक्य : एका गृहविनोदी चित्रपटातील बोली व मालकी

हॉलीवूडच्या जुन्या गृहविनोदी चित्रपटांत कृष्णवर्णीयांना स्थान होते काय, हा प्रश्न बहुधा पात्रांची मोजदाद करून सोडविला जातो. मोजदादीत मोलकरीण हटकून सापडते. परंतु ती काय बोलते आणि त्या बोलण्याचे पुढे काय होते, हे पाहिल्यावाचून तिच्या उपस्थितीचा अर्थ लागत नाही. या दृष्टीने एच. सी. पॉटर दिग्दर्शित 'मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाऊस' (१९४८) हा चित्रपट अभ्यसनीय आहे.

न्यूयॉर्कचा जाहिरात-लेखक जिम ब्लँडिंग्ज कनेक्टिकटमध्ये घर बांधावयास घेतो. खर्च हाताबाहेर जातो आणि 'व्हॅम' नावाच्या हॅमसाठी घोषवाक्य न सुचल्याने नोकरीही जाण्याची वेळ येते. अखेर ते वाक्य गसी ही मोलकरीण, कोणी न विचारता, सहज बोलून जाते : व्हॅम खात नसाल तर तुम्ही हॅमच खात नाही, अशा आशयाचे. मूळ वाक्य संकेतार्थी असून त्याच्या दोन्ही अंगांत 'एंट' हे नकारार्थी रूप आले आहे. इंग्रजीच्या अनेक बोलींत ते आढळते. शालेय व्याकरणाने मात्र ते त्याज्य ठरविले आहे. त्याजागी प्रमाण रूप घालून पाहावे. यमक टिकते, पण वाक्याचा ठसका जातो. जे रूप घरात चाकराची पायरी दर्शविते, तेच जाहिरातीत लोकांची भाषा म्हणून विकले जाते. नोकरी वाचते ती मालकाची. गसीला दहा डॉलरची पगारवाढ मिळते आणि प्रेक्षक हसतो.

गसीची भूमिका करणाऱ्या लुईस बीव्हर्सने 'इमिटेशन ऑफ लाइफ' (१९३४) या गंभीर चित्रपटात डिलायलाची भूमिका केली होती. तेथे डिलायलाच्या पॅनकेकच्या कृतीवर मालकीण धनाढ्य होते. परंतु तिला निदान वीस टक्के हिस्सा देऊ केला जातो. विनोदी चित्रपटाने तेवढाही संकोच बाळगला नाही.

आणखी एक गोष्ट भाषाभ्यासकाने विसरू नये. बीव्हर्सचा जन्म ओहायोतील सिनसिनाटीचा. ती वाढली कॅलिफोर्नियात. पडद्यावरील मोलकरणीसाठी अपेक्षित असलेली दक्षिणी बोली तिला मुद्दाम शिकावी लागली. तेव्हा असे संवाद बोलीचा पुरावा म्हणून उद्धृत करणे धोक्याचे होय. त्यांतून बोलीपेक्षा चित्रसंस्थांची अपेक्षाच अधिक कळते.

घराचा प्रश्न बीव्हर्सला पडद्याबाहेरही चुकला नव्हता. लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स भागात ती, हॅटी मॅकडॅनियल आणि इतर कृष्णवर्णीय रहिवासी यांच्यावर गोऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला होता. आधार होता, कृष्णवर्णीयांस तेथे राहू न देण्याच्या खरेदीखतांतील अटींचा. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे दावा फेटाळला. रहिवाशांचे वकील लोरेन मिलर होते. पुढे ३ मे १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात अशा अटींची न्यायालयामार्फत अंमलबजावणी घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षी ब्लँडिंग्जचे घर पडद्यावर बांधून पूर्ण झाले. गसीचे स्वतःचे घर कोठे होते, हे त्या चित्रपटात कोणी विचारीत नाही.