साडेअकरा पौंड

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. गेल्या रविवारी पुतण्याचा मुलगा (यंदा बारावीत आहे) लॅपटॉप घेऊन माझ्यापुढे बसला. "आबा, शेताची किंमत किती लिहू?"

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा आर्थिक मदतीचा फॉर्म होता. आईबापाचं उत्पन्न, घर, जमीन, कर्ज, सगळं विचारतात. त्यावरून हे कुटुंब किती भरू शकेल ते ठरवतात आणि बाकीची सोय विद्यापीठ करतं. आमच्याकडे मेहकरच्या बाजूला कोरडवाहू पाच एकर. सोयाबीन कधी साधतं, कधी नाही. सातबारा काढून बसलो आणि मला एकदम साडेअकरा पौंड आठवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तेव्हाच्या भावाने साधारण 172 रुपये. त्यातच राहणं-खाणं, पुस्तकं, आणि घरी मुंबईला पाठवायचे तेही. शिवाय 4 जून 1913 ला करार करून दिला होता की, परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करीन. 1915 मध्ये ते एम.ए. झाले. पुढे लंडनला गेले, तिथे मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा कुणी दिली नाही, तो प्रसंग मी इथे पुन्हा सांगत नाही. कोलंबियाची पीएच.डी. हाती पडायला 1927 उजाडलं. त्यासाठीचा ग्रंथ 1925 मध्ये छापून निघाला, तो त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला आहे.

पण मला आज सयाजीरावांपेक्षा कृष्णाजी अर्जुन केळुसकर जास्त आठवतात. केळुसकर गुरुजी शाळामास्तर. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला, स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला दिलं, आणि इंटर झाल्यावर पुढच्या शिक्षणाचे पैसे नाहीत हे कळताच त्याला महाराजांपर्यंत नेलं. तिथून महिना 25 रुपये सुरू झाले, त्यावर बी.ए. झालं. कोलंबिया त्याच्या पुढची पायरी. मदत कुठे मिळते हे मास्तरांना माहीत होतं!

आता माझं सांगतो. 2002 साली माझ्या वर्गात एक मुलगा होता, गणितात माझ्याही पुढचा. बाबासाहेबांचा धडा चालू असताना त्याने विचारलं, "सर, आताही तसं जाता येतं का?" मी म्हणालो, "बाबा रे, ते पैसेवाल्यांचं काम. तू डी.एड. बघ." वर्ग हसला, मीही हसलो. त्याच्या आदल्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठाने ठरवलं होतं की, परदेशी विद्यार्थ्यालाही त्याची ऐपत न बघता प्रवेश द्यायचा आणि गरजेइतकी मदत द्यायची, तीही कर्ज म्हणून नव्हे. हे मला कळलं आत्ता, या फॉर्मच्या निमित्ताने. तो मुलगा भेटतो अधूनमधून, नमस्कार करतो. त्याला तो प्रश्न आठवतही नसेल. आठवत असला तर जास्त वाईट.

अर्थात सगळीकडे असं नाही. हार्वर्ड, येल, एमआयटी, 2022 पासून डार्टमाउथ अशी मोजकीच नावं. बाकी बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली की प्रवेशाचीच शक्यता कमी होते. आणि या मोजक्या ठिकाणी तर जगभरचे हुशार रांगेत. पोराला मी हे स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे आबा."

त्याला हे कुठून कळलं? आपल्याच लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे 2021 मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना त्यांची एकलव्य ही संस्था असल्या वाटा दाखवते. त्यांच्याविषयी वाचून पोराने शोधाशोध सुरू केली. त्याच्या शाळेतल्या कुणी सांगितलं का, हे मी विचारलं नाही.

तर फॉर्म अजून अर्धाच झालाय. विहीर जमिनीच्या किमतीत धरायची की वेगळी लिहायची, यावर आमचं अडलंय. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाबाळांनी भरला असेल तर जरूर कळवा.